सरावसंच सुटतो, पेपर अडतो

१. पाटी नसलेली गाडी

‘अवो सर, पोरगं रोज दोन तास गणितं सोडवतंय, सगळी उत्तरं जुळत्यात, मग पेपरातच कसं काय अडतंय?’ सांगली-साताऱ्याकडच्या पालकसभेत हा प्रश्न हमखास निघतो. विचारणाऱ्याचे काही चुकत नाही. वही खरोखरच भरलेली असते. प्रत्येक उदाहरणाखाली उत्तर असते आणि ते पुस्तकामागच्या उत्तरसूचीशी जुळलेलेही असते. तरी सहामाहीत ४० पैकी १४ पडतात.

२०१८ पासून दहावीला आलेली बालभारतीची गणिताची पुस्तके दोन आहेत. भाग १ ला सगळे बीजगणितच म्हणतात आणि भाग २ ला भूमिती. प्रत्येकाचा पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो. अंतर्गत मूल्यमापनाचे २० धरून १०० होतात. सातारा आणि सांगलीची मुले कोल्हापूर विभागीय मंडळाखाली परीक्षा देतात, पण पेपर सगळ्या राज्याला तोच. पुस्तकात प्रत्येक घटकानंतर सरावसंच येतो आणि प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह.

घोळ या सरावसंचातच आहे. वर्गसमीकरण सूत्राने सोडवायचा धडा संपला की लगेच त्याचा सरावसंच येतो. त्यातले प्रत्येक उदाहरण सूत्रानेच सुटणार, हे मुलाला वाचायच्या आधीच ठाऊक असते. कोणती रीत लावायची, हा गणितातला सर्वांत अवघड निर्णय मथळ्याने घेऊन टाकलेला असतो. मुलाकडे उरते ती आकडेमोड. पेपरात मथळा नसतो. फलाटावर पाटी वाचून एस.टी.त चढणे वेगळे आणि फाट्यावर उभे राहून, पाटी दिसायच्या आत येणारी गाडी आपली की परक्याची हे ओळखून हात करणे वेगळे. सरावसंचाने पहिले येते, पेपर दुसरे मागतो.

दुसरी गोष्ट उत्तराची. उत्तर बरोबर आहे हे ठरवते कोण? घरी उत्तरसूची ठरवते, वर्गात सर ठरवतात. पेपरात दोघेही नसतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याला तिचे ठाणे झाले. त्याआधी साताऱ्यात शिकवण्या घेत म्हणून लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. त्यांच्या शाळांत आलेल्या बहुसंख्य मुलांच्या घरात आधी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते. आज आईवडील शिकलेले असतात, पण दहावीच्या बीजगणिताचे उत्तर तपासून देतील असे घर आजही विरळाच. अशा घरातल्या मुलाला आपले उत्तर आपणच तपासायची रीत लागते. तिला मराठीत जुना, नेमका शब्द आहे: ताळा. वाण्याच्या वहीत रोजच्या रोज ताळा असे. गणिताच्या वहीतून मात्र तो नाहीसा झालेला दिसतो.

२. पुलावरचे शून्य

नववीच्या पुस्तकातले वास्तव संख्यांचे प्रकरण मुले घाईने उरकतात. त्यात मार्क मिळण्यासारखे फार नाही असा समज असतो. पुढच्या कितीतरी चुका इथेच रुजतात.

संख्यांचे कुटुंब वाढत गेले ते गरजेपोटी. मोजायला १, २, ३ पुरतात, त्या नैसर्गिक संख्या. त्यात शून्य घातले की पूर्ण संख्या. लहानातून मोठे वजा करायची वेळ आली तेव्हा ऋण संख्या आल्या आणि सगळे मिळून पूर्णांक झाले. तीन भाकरी चौघांत वाटताना पूर्णांक पुरेना, म्हणून अपूर्णांकांसह परिमेय संख्या आल्या.

ऋण संख्यांचा खरा वर्ग सांगलीत पावसाळ्यात भरतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले. पुराच्या दिवसांत गावातले शेंबडे पोरही हे आकडे सांगते. आता धोक्याच्या रेषेला शून्य म्हणावे. मग इशारा पातळी होते −५ आणि २०१९ ची पातळी होते +१२. इशाऱ्यापासून तिथपर्यंत पाणी किती चढले? १२ − (−५). हेच फुटांत ५७ − ४० = १७. दोन्ही उत्तरे एकच यायला हवीत, म्हणून वजा वजा मिळून अधिक. हा नियम पाठ करायला सांगितला की महिन्याभरात विसरतो. पुलावर पाहिलेला विसरत नाही.

गुणाकाराचेही तसेच. पूर ओसरताना पाणी तासाला २ इंच उतरते आहे, म्हणजे बदल −२. तीन तासांपूर्वी, म्हणजे −३ तासाला, पाणी आतापेक्षा किती वर होते? ६ इंच. (−२) × (−३) = +६.

अपूर्णांकांची भीती हा बऱ्यापैकी अलीकडचा आजार असावा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी, एवढे पाढे जुन्या शाळांत पाठ करून घेत. सात पाऊण म्हणजे सव्वापाच, हे बाजारात उभ्या उभ्या सांगणारी माणसे अजून भेटतात. आज मुलाला ७ × ३/४ दिले की ते २१/४ लिहून थांबते आणि २१/४ म्हणजे पाचाच्या वर की खाली, हे विचारले की गडबडते. पाढे पुन्हा घोकायची गरज नाही. पण उत्तर आले की ते ‘सव्वा’, ‘साडे’, ‘पावणे’ यांपैकी कशाच्या जवळ आहे हे तोंडाने म्हणावे. अडीच गुणिले साडेतीन पावणेनऊ. वहीत ८७.५ आले असेल, तर दशांशचिन्ह घसरल्याचे कानालाच कळते.

३. गुंठ्याचा कर्ण

परिमेय संख्यांवर कुटुंब पुरे झाले असते, पण जमिनीने ते होऊ दिले नाही.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. ३३ × ३३ = १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर, ४३,५६० चौरस फूट. आता एखाद्याला घरासाठी दोन गुंठ्यांचा चौरस तुकडा हवा आहे. बाजू किती? वर्गात पहिले उत्तर ६६ फूट येते. ६६ फूट बाजूचा चौरस आखून पाहिला तर त्यात चार गुंठे बसतात. बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते.

एका गुंठ्याचा कर्ण आखावा. गुंठ्याचे दोन त्रिकोण होतात. असे चार त्रिकोण, काटकोन मध्यभागी आणि कर्ण बाहेर ठेवून जुळवले, की नवा चौरस तयार होतो. चार त्रिकोण म्हणजे दोन गुंठे. म्हणजे एका गुंठ्याचा कर्ण हीच दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू. चौरसाचा कर्ण दुप्पट क्षेत्रफळ देतो, हे बौधायन शुल्बसूत्रातही सांगितले आहे. कागदाच्या घडीने ते पाच मिनिटांत दिसते.

ही लांबी ३३√२ फूट. टेपवर ती साधारण ४६ फूट ८ इंच भरते. चोख हिशेब केला तर ४६ फूट ८ इंचांचा चौरस दोन गुंठ्यांना ३२ चौरस इंच कमी पडतो, म्हणजे आठ इंच लांब आणि चार इंच रुंद पट्टीएवढा. बांधावरून भांडण व्हावे इतका नाही, पण कमी तो कमीच.

मग टेप अधिक बारीक केली तर? वर्ग केल्यावर बरोबर २ देणारा अपूर्णांक शोधायचा. ७/५ घ्यावा. ७ चा वर्ग ४९ आणि ५ च्या वर्गाची दुप्पट ५०. एकाने हुकले. १७/१२ घ्यावा: २८९ आणि २८८. पुन्हा एकाने. ४१/२९: १,६८१ आणि १,६८२. ९९/७०: ९,८०१ आणि ९,८००. दर वेळी एकाने हुकते, एकदा अलीकडे, एकदा पलीकडे. पुढचा अपूर्णांक मिळवायची युक्ती सोपी आहे. अंशात छेदाची दुप्पट मिळवली की नवा अंश, आणि अंश व छेद यांची बेरीज केली की नवा छेद. ९९/७० वरून २३९/१६९. त्यांचे वर्ग करून पाहावेत: ५७,१२१ आणि २८,५६१ ची दुप्पट ५७,१२२. हा खेळ कितीही लांबवला तरी ते एक सुटत नाही. अपूर्णांकाने न पकडता येणारी ही संख्या म्हणजे अपरिमेय संख्या. परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या.

हे उदाहरण कुठल्याही सरावसंचात शोधायला नको. वहीच्या मागच्या पानावर हौसेने केलेली अशी आकडेमोड वर्गमुळाची जेवढी ओळख करून देते, तेवढी ‘√२ अपरिमेय आहे’ हे वाक्य दहा वेळा लिहून होत नाही.

४. तेहतिसाचा वर्ग

बीजगणितात अक्षरे आली की मुले दचकतात. खरे तर अक्षर म्हणजे अजून न उघडलेल्या डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. आत किती आहे ते माहीत नाही, पण डब्याबद्दल बोलता येते.

या भागात सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक एकच आहे: (अ + ब)² = अ² + ब². शिक्षक ती लाल शाईने खोडतात, मूल ‘हो सर’ म्हणते, आणि आठवड्याने तीच चूक पुन्हा येते. ती सूत्र घोकून जात नाही, संख्या घालून जाते. ३३ म्हणजे ३० + ३. चुकीच्या रीतीने ९०० + ९ = ९०९. पण गुंठा तर १,०८९ चौरस फुटांचा. १८० चौरस फूट गेले कुठे?

वहीत ३३ बाजूचा चौरस काढावा आणि उभी एक, आडवी एक रेघ मारून बाजूंचे ३० आणि ३ असे भाग करावेत. मोठा तुकडा ३० × ३०. कोपऱ्यातला चिमुकला ३ × ३. आणि दोन्ही कडांना लागून ३० × ३ च्या दोन पट्ट्या, ९० आणि ९०. हरवलेले १८० तिथे सापडतात. २अब यातले २ कुठून आले, हे त्या दोन पट्ट्या दाखवतात. ज्याने हे चित्र एकदा स्वतः काढले, त्याला सूत्र विसरले तरी ते पुन्हा उभे करता येते.

दुसरी चूक वजा चिन्हाची. ती जवळून पाहण्यासारखी आहे. साताऱ्याचे कंदी पेढे आणि तासगावचे बेदाणे घेऊन एक हिशेब मांडू. २ किलो पेढे आणि ३ किलो बेदाणे यांचे २,०५० रुपये झाले. ३ किलो पेढे आणि २ किलो बेदाणे यांचे २,२०० झाले. (भाव सोयीसाठी धरलेले आहेत, दुकानदाराशी त्यावरून वाद घालू नये.) पेढ्यांचा भाव क्ष आणि बेदाण्यांचा य.

२क्ष + ३य = २,०५०
३क्ष + २य = २,२००

मूल लगेच गुणून सहगुणक सारखे करायला धावते. एक मिनिट नुसते पाहिले तर सहगुणकांची अदलाबदल दिसते. मग बेरीज करावी: ५क्ष + ५य = ४,२५०, म्हणून क्ष + य = ८५०. आता दुसऱ्यातून पहिले वजा केले की क्ष − य = १५०. दोन्ही मिळवले की २क्ष = १,०००, म्हणून क्ष = ५०० आणि य = ३५०.

चूक होते ती वजाबाकीत. पहिल्यातून दुसरे वजा करताना मूल पहिल्या पदाचे चिन्ह बदलते आणि दुसऱ्याचे विसरते. २क्ष − ३क्ष = −क्ष बरोबर, पण ३य − २य ऐवजी ३य + २य = ५य. मग −क्ष + ५य = −१५० असे समीकरण तयार होते. त्यातून क्ष सुमारे ७३३ आणि य सुमारे ११७ येतो. मूल ताळा करते, पण कुठे? क्ष + य = ८५० मध्ये. तिथे तो जुळतो, कारण चुकीचे उत्तर त्याच समीकरणातून काढलेले असते! मूळ पहिल्या समीकरणात घातले तर १,४६६ आणि ३५१ मिळून १,८१७ येतात, २,०५० नव्हे. ताळा नेहमी दुकानदाराने सांगितलेल्या मूळ हिशेबाशी करायचा, स्वतः मधे तयार केलेल्या ओळीशी कधीच नाही.

शाब्दिक उदाहरणांत ताळ्याची आणखी एक पायरी असते. दहा गुंठ्यांचा आयताकृती तुकडा आहे, लांबी रुंदीपेक्षा ११ फुटांनी जास्त. रुंदी क्ष धरली तर क्ष(क्ष + ११) = १०,८९०, म्हणजे

क्ष² + ११क्ष − १०,८९० = ०

विवेचक होतो १२१ + ४३,५६०. हा ४३,५६० ओळखीचा वाटला तर नवल नाही, तो एकरच आहे. दहा गुंठ्यांची चौपट. बेरीज ४३,६८१, आणि तो २०९ चा वर्ग. क्ष ची किंमत ९९ किंवा −११०. रुंदी ऋण नसते, म्हणून ९९ फूट, आणि लांबी ११० फूट. ‘रुंदी ऋण नसते’ हे वाक्य पुष्कळ मुले मनात म्हणतात आणि कागदावर लिहीत नाहीत. मनातल्या वाक्याला गुण मिळत नाहीत.

इथे ताळा म्हणजे ९९ आणि ११० यांचा गुणाकार. तोही घाईत चुकू शकतो, म्हणून नवाचा ताळा. संख्येतले अंक मिळवत जायचे आणि नऊ आले की शून्य धरायचे. ९९ चे शून्य, ११० चे दोन, गुणाकार शून्य. १०,८९० चे अंक १८, म्हणजे नऊ, म्हणजे शून्य. जुळले. मात्र कोणी १०,९८० लिहिले असते तरी नवाचा ताळा जुळलाच असता, कारण अंकांची अदलाबदल त्याला दिसत नाही. ताळा जुळला नाही तर चूक नक्की. जुळला तर चूक नसण्याची शक्यता बरीच, एवढेच.

५. फिरवलेली आकृती

भूमितीत पाठांतराचा मोह सर्वांत मोठा असतो. पक्ष, साध्य, सिद्धता असे तीन मथळे घालून प्रमेय उतरवता येते आणि त्याला गुणही मिळतात. अडते ते आकृती बदलली की. पुस्तकातल्या बहुतेक त्रिकोणांचा पाया आडवा असतो. तोच त्रिकोण पेपरात वर्तुळाच्या आत तिरका येऊन बसला की समरूपता दिसेनाशी होते.

उपाय फारसा अवघड नाही. पुस्तकातली आकृती पाहून वहीत काढताना ती मुद्दाम फिरवून काढावी, अक्षरेही बदलावीत. समरूप त्रिकोण दोन असतील तर दोन्ही वेगळे काढून, संगत शिरोबिंदू एकाखाली एक येतील असे मांडावेत. मग कोणती बाजू कोणत्या बाजूशी प्रमाणात आहे, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. एकदा काढलेली आकृती पुसून, फक्त शब्दांतला पक्ष वाचून ती पुन्हा काढता आली, तर ते प्रमेय आपले झाले.

पायथागोरसच्या प्रमेयाचे एक जुने उदाहरण भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. ग्रंथ ११५० सालचा. तळ्यातले कमळ पाण्यावर अर्धा हात दिसते आहे. वाऱ्याने ते कलते आणि मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात बुडते. पाणी किती खोल? देठाची लांबी बदलत नाही, ही सगळी मेख. खोली ख धरली तर देठ ख + १/२. कललेला देठ हा कर्ण, खोली ही एक बाजू, दोन हात ही दुसरी.

(ख + १/२)² = ख² + ४

डावीकडे पट्ट्यांसह विस्तार केला की ख² + ख + १/४. दोन्हीकडचे ख² गेले, म्हणून ख = ४ − १/४, पावणेचार हात. वर्गसमीकरणासारखे दिसणारे उदाहरण साध्या वजाबाकीवर येऊन थांबते. आता गंमत अशी, की ज्याने (ख + १/२)² चे ख² + १/४ केले, त्याला शेवटी १/४ = ४ मिळते. कमळ त्याला त्याची चूक तोंडावर सांगते. अशी ओळ आली की खोडरबर घेऊन उत्तर ‘जुळवणारे’ मूल आणि थांबून वर पाहणारे मूल, यांच्या गुणांत मार्चपर्यंत मोठे अंतर पडते.

महत्त्वमापनासाठी सातारा जिल्ह्यात बरीच सोय आहे. लिंब गावची बारा मोटेची विहीर अठराव्या शतकातली आणि अष्टकोनी. नियमित अष्टकोनाचा आतला प्रत्येक कोन किती? एका शिरोबिंदूपासून कर्ण काढले की सहा त्रिकोण होतात. ६ × १८० = १,०८०, आठांनी भागले की १३५ अंश. विहिरीचा व्यास सुमारे ५० फूट सांगतात. गोल धरून हिशेब केला तर एक फूट उंचीच्या पाण्याला ३.१४ × २५ × २५, म्हणजे साधारण १,९६२ घनफूट जागा लागते. घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणजे पाणी एक फूट उतरले की साडेपंचावन्न हजार लिटर गेले. बारा मोटा एकदम चालल्या तर किती वेळाने, हे काढायला मोटेचे माप हवे, ते गावातल्या वडीलधाऱ्यांकडून घ्यावे.

त्रिकोणमितीबद्दल इथे एवढेच पुरे. कोयना धरणाची भिंत सुमारे १०३ मीटर उंच आहे. तिच्या माथ्याचा उन्नत कोन ३० अंश दिसावा, तर पायथ्याच्या पातळीवर १०३ × १.७३, म्हणजे साधारण १७८ मीटर दूर उभे राहावे लागेल. कोन ६० अंश हवा असेल तर पुढे यायचे की मागे जायचे, हे आधी डोळे मिटून ठरवावे, मग गणित करावे. उलटे उत्तर आले तर टॅन आणि कॉट यांची अदलाबदल झालेली असते.

६. पटणे आणि सुचणे

गाईडमधले सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते. पटली म्हणजे येते, असे वाटते. पण पेपरात पुढची ओळ पटावी लागत नाही, सुचावी लागते. म्हणून गाईड वापरायचेच असेल तर उत्तरावर कोरा कागद ठेवून एकेक ओळ खाली सरकवावी, आणि सरकवण्याआधी ती ओळ स्वतः लिहावी. असे केले की तासाला दहा उदाहरणे व्हायची तिथे चारच होतात. होऊ द्यावीत.

मथळ्याने रीत सांगून टाकण्याची जी अडचण पहिल्या भागात आली, तिच्यावर अमेरिकेत एक प्रयोग झाला. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या मुलांना चार अनोळखी घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एका आकाराची सगळी उदाहरणे ओळीने सोडवली, मग दुसऱ्या आकाराची. दुसऱ्या गटाला तीच उदाहरणे मिसळून दिली. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, दुसऱ्याची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसऱ्याने ६३ टक्के मिळवले.

या आकड्यांतला पहिला भाग घरच्यांनी नीट लक्षात ठेवावा. मिसळलेला सराव करताना चुका जास्त होतात. आई विचारते, ‘काल तर सगळी बरोबर येत होती, आज काय झालं रे?’ काही झालेले नसते. काल पाटी वाचून गाडीत बसला होता, आज फाट्यावर उभा आहे.

मिसळायला काही विकत आणावे लागत नाही. शिकून झालेल्या प्रकरणांतल्या उदाहरणांचे फक्त क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहावेत: भाग, पान, उदाहरण. रीत लिहू नये. चिठ्ठ्या बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकाव्यात आणि रोज सहा काढाव्यात. उदाहरण हातात आले की पेन उचलण्याआधी एक ओळ तोंडाने म्हणायची: हे कशाचे उदाहरण आहे आणि कशावरून. ‘सामान्य फरक दिलाय, म्हणून श्रेढी.’ ‘स्पर्शिका आहे, म्हणून त्रिज्या काढून काटकोन.’ एवढे जमले आणि आकडेमोड राहिली, तरी त्या दिवसाचा मुख्य सराव झाला. बरोबर आलेली चिठ्ठी लगेच फाडू नये. तीन दिवसांनी एकदा आणि मग दहा दिवसांनी एकदा पुन्हा वर यावी. चुकलेली उद्याच यावी.

सोबत एक चुकांची वही हवी. डाव्या पानावर चुकलेली ओळ जशीच्या तशी उतरवायची, सुधारून नाही. उजव्या पानावर ती का चुकली ते एका वाक्यात. ‘कंस सोडताना दुसऱ्या पदाचे चिन्ह राहिले’ असे. ‘घाई झाली’ हे कारण चालत नाही. घाई सगळीकडेच असते, चूक ठरावीक जागीच होते. महिन्याभराने ही वही उघडली की वीस-पंचवीस चुकांची कारणे तीन-चारच निघतात. त्या मुलाचा खरा अभ्यासक्रम तेवढाच असतो.

७. दोन तास, कोरा कागद

पूर्ण पेपर सोडवायला जानेवारीच्या आधी सुरुवात करून फारसे साधत नाही. अभ्यासक्रम संपला की आठवड्याला एक पुरे. फोन दुसऱ्या खोलीत, कंपासपेटी समोर, गजर दोन तासांचा. गणकयंत्र नाही, कारण परीक्षेतही नसते. भौमितिक रचनेच्या कंसखुणा पुसू नयेत, रचना कशी केली हे त्या खुणाच सांगतात. कृती पूर्ण करायच्या प्रश्नांत रिकाम्या चौकटी असतात. तिथे आपली वेगळी रीत चालत नाही, छापलेल्या रीतीतच शिरावे लागते, म्हणून चौकटीच्या पुढची ओळ आधी वाचावी. शेवटचा तीन गुणांचा प्रश्न नवखा दिसतो. त्याच्यापायी आधीच्या सदतीस गुणांना द्यायची दहा मिनिटे जाऊ देऊ नयेत.

पेपर त्याच दिवशी तपासू नये. एक रात्र गेली की डोळे परके होतात आणि आपली चूक दुसऱ्याच्या चुकीसारखी दिसते. तपासताना गेलेल्या प्रत्येक गुणाची नोंद तीनपैकी एका रकान्यात करावी: रीत सुचली नाही, रीत सुचली पण आकडेमोड चुकली, प्रश्नच चुकीचा वाचला. पहिल्या रकान्यातल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या डब्यात जातात. दुसऱ्यातल्या ओळी चुकांच्या वहीत जातात. तिसऱ्या रकान्याला आणखी उदाहरणे सोडवून उपयोग होत नाही. त्रिज्येऐवजी व्यास, सेंटीमीटरऐवजी मीटर, ‘किमान’ऐवजी ‘कमाल’ असे वाचले गेलेले असते. तिथे एवढेच करायचे, की पुढच्या पेपरापासून प्रश्न वाचतानाच त्यातल्या प्रत्येक संख्येखाली, एककाखाली आणि शेवटी काय काढायचे आहे त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची.